पुट्टी आणि दोन महिन्यांचा पाहुणा

कुलूप मी तीनदा ओढून पाहिलं. प्रसाद गाडी चालू करून बसला होता. चौथ्यांदा हात घातला तेव्हा तो काच खाली करून म्हणाला, "बाबा, लागलंय ते." लागलंय हे मलाही दिसत होतं. पण ज्या माणसाने बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, त्याचा दिसतं त्यावर विश्वास बसत नाही. मिरजेच्या आमच्या दारावरचं ते पितळी कुलूप मालूने घेतलेलं. मालू म्हणजे माझी बायको. ती मार्गशीर्षात गेली, आणि वैशाखात मुलगा मला न्यायला आला, बेंगळूरला, दोन महिन्यांसाठी.

दोन महिन्यांसाठी, हे त्याने फोनवर चार वेळा सांगितलं होतं. एखादा दुकानदार न विचारता चार वेळा "माप पूर्ण आहे साहेब" म्हणाला की आम्ही आधी त्याचंच माप तपासायचो. गाडीत मागे वळून पाहिलं तर सीटवर माझी रजई होती, दोन स्वेटर होते आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला मालूचा फोटो होता. ऐन उन्हाळ्यात रजई कशाला, असं मी विचारलं. सून विद्या पुढून म्हणाली, "मामा, तिकडं हवा थंड असते." विद्या निपाणीची, मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच सफाईने बोलते, त्यामुळे तिचं खरं कुठल्या भाषेत असतं हे मला अजून कळलेलं नाही. आणि फोटो? प्रसादने गाडी गिअरमध्ये टाकली. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

तळ्याच्या कट्ट्यावरच्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. आणि तुमच्यातले जे माझ्यासारखेच मुलांच्या गाडीत मागे बसून पुण्याला, हैदराबादला किंवा साता समुद्रापार गेले, त्यांच्यासाठीही. तुम्ही फोनवर विचारता, करमतं का? एका शब्दात उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून हे एवढं लांबण.

तुम्हाला माझी एक गोष्ट तोंडपाठ असेल, इतक्या वेळा सांगितली आहे. काटा मध्ये दिसला म्हणून तराजू खरा ठरत नाही. दांडीची एक बाजू गहूभर लांब असते, नाहीतर पारड्याखाली चिंच चिकटवलेली असते. म्हणून पारडी बदलून पाहायची. डाव्या पारड्यातलं उजव्यात घालायचं आणि उजव्यातलं डाव्यात. तरीही काटा मध्येच राहिला तर शिक्का मारायचा. खात्यात पहिल्या आठवड्यात शिकलो ती ही गोष्ट, आणि पुढे जन्मभर पुरली. फक्त ती घरी वापरायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

जयनगरमध्ये मुलाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोठी झाडं, सावली इतकी की दुपारी बाराला घड्याळ पाहावं लागतं. नवरा-बायको दोघंही कंप्युटरवाले. दोघं आपापल्या खोलीत कानाला यंत्र लावून बसतात आणि दिवसभर "कॅन यू हिअर मी" असं कुणाला तरी विचारत राहतात. मी बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायचो. मिरजेला दार उघडं असायचं, येणारा-जाणारा दिसायचा. इथे दार बंद, आणि मी बंद दाराकडे बघतोय.

खाली वॉचमन नंजप्पा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "ऊट आयता, सर?" एवढं कानडी मिरजेच्या बाजारात ऐकून ठाऊक होतं. जेवण झालं का, असं विचारत होता. मी काय काय जेवलो ते सविस्तर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्या अक्कानेही तेच विचारलं, समोरच्या निवृत्त बँक मॅनेजरनेही तेच. माझ्या जेवणाची एवढी चौकशी माझ्या लग्नातही कुणी केली नव्हती. एका दुपारी भूक नव्हती म्हणून ताट तसंच झाकून ठेवलं आणि नंजप्पाला "आयतु", म्हणजे झालं, असं ठोकून दिलं. संध्याकाळी विद्या म्हणाली, "मामा, दुपारी जेवला नाहीत." झालं, माझी खात्री पटली. सुनेने गल्लीभर माणसं पेरली होती.

तिसऱ्या आठवड्यात पुट्टी आली.

शनिवार होता. प्रसाद आणि विद्या सकाळी कुठेतरी गेले आणि येताना कुत्री घेऊन आले. कसली उंची जात नाही, रस्त्यावरचीच. रंग भिजवलेल्या चिंचेचा, डाव्या कानाचं टोक कापलेलं, तोंडावर पांढरे केस आलेले. आठ वर्षांची, म्हणजे कुत्र्यांच्या हिशोबात माझ्याच वर्गातली. तिने घर हुंगलं, मला हुंगलं, मालूच्या फोटोखाली थोडा वेळ थांबली आणि मग आमच्याकडे पाठ करून बंद दाराकडे बघत बसली. माझ्याच जागेवर.

"बाबा, तुम्हाला सोबत," प्रसाद म्हणाला.

दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला सोबत कशाला लागते? हे मी मोठ्याने विचारलं नाही. विद्याने फोनवर एक लेख काढून वाचून दाखवला. म्हाताऱ्या माणसांनी प्राणी पाळला की त्यांचं चालणं होतं, रक्तदाब उतरतो, एकटं वाटत नाही, दिवसाला वळण लागतं. मी फोन हातात घेऊन लेखाच्या तळाशी गेलो. तिथे कुत्र्याच्या बिस्किटांची जाहिरात होती. मी तिला ती दाखवली. ती हसली, मी हसलो नाही.

कुत्री माझं ऐकेना. "ये" म्हटलं तरी ढिम्म, "बस" म्हटलं तरी उभी. प्रसादचं इंग्रजीही तिच्या गावी नव्हतं. विद्याने स्वयंपाकघरातून नुसतं "बा पुट्टी" म्हटलं आणि ती शेपूट हलवत गेली. म्हणजे हिला कानडीच कळत होतं. मग मलाच चार शब्द शिकावे लागले. बा म्हणजे ये, कूतको म्हणजे बस, बेडा म्हणजे नको, होगोणा म्हणजे चल जाऊ. माझं सगळं कानडी असं कुत्रीच्या मापाचं. एकदा समोरच्या बँक मॅनेजरना मी मोठ्या अगत्याने "बा, कूतको" म्हणालो. ते बसले, चहा प्यायले आणि गेले. वडीलधाऱ्यांना असं म्हणायचं नसतं, हे विद्याने नंतर सांगितलं.

सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला फिरायला न्यायचं माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही, पण ते दोघं बरोबर सहा आणि पाचलाच कामात असायचे. हाही मला योगायोग वाटला नाही. तरी गेलो. महिन्याभरात पायजम्याची नाडी दोन बोटं आत आली, गुडघा कुरकुरायचा कमी झाला. रक्तदाब उतरला. मी घरच्या यंत्रावर विश्वास ठेवला नाही, औषधाच्या दुकानात जाऊन पाहिलं, मग डॉक्टरकडे पाहिलं. तिन्ही यंत्रं एकच बोलत होती. म्हणजे एकतर ते खरं असणार, नाहीतर तिघांचा काटा एकाच बाजूला वाकलेला असणार. लेखातलं बाकीचंही एकेक खरं ठरत चाललं आणि तसतसा माझा संशय वाढत गेला. जे इतकं तंतोतंत जमतं, ते कुणीतरी जमवून आणलेलं असतं.

गल्लीत मला "पुट्टी सर" म्हणू लागले. माझं नाव कुणाला माहीत नव्हतं, तिचं सगळ्यांना माहीत होतं. आणि हेच मला खटकलं. ही कुत्री आमच्याकडे नवी, मग एवढ्या लोकांना ती ओळखीची कशी? विद्याला विचारलं तर "एका ओळखीच्यांकडून मिळाली" म्हणाली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

पुट्टीचा एक नेम होता. सकाळी तिसऱ्या क्रॉसला, म्हणजे तिसऱ्या आडव्या गल्लीला, पोहोचलो की ती उजवीकडे ओढायची आणि एका निळ्या फाटकासमोर जाऊन बसायची. आत बैठं घर, खिडक्या बंद, कढीपत्त्याचं झाड वाळत आलेलं. फाटकावरची नावाची पाटी काढलेली, चार स्क्रूची भोकं तेवढी राहिलेली. ती पाचेक मिनिटं फाटकाकडे बघायची आणि मग आपणच उठून चालू लागायची. "होगोणा" म्हणायचीही गरज पडायची नाही. असं एकवीस दिवस झाल्यावर मी शेजारच्या झाडाखाली कपडे इस्त्री करणाऱ्या माणसाला हिंदीत विचारलं. तो म्हणाला, हे अज्जीचं घर. अज्जी एकट्या राहायच्या, ही कुत्री त्यांची. मुलगा परदेशात. त्याने त्यांना देवनहळ्ळीजवळ म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवलं आहे आणि तिथे कुत्रं चालत नाही. आश्रमाचा पत्ता त्याच्याकडे होता, कारण अज्जींच्या सुती साड्या अजून महिन्यातून एकदा त्याच्याकडेच इस्त्रीला येत होत्या.

तपासणी कळवून केली तर तिचा उपयोग नसतो. घरी इथल्या लालबागेत फिरून येतो म्हणून सांगितलं आणि मॅजेस्टिकच्या बसस्थानकावरून बस धरली. देवनहळ्ळीकडे अर्धी शेतं आणि अर्धे प्लॉट आहेत, द्राक्षाच्या मांडवाला लागून प्लॉटांच्या कमानी उभ्या, कमानीच्या आत काहीच नाही. आश्रम स्वच्छ होता. अज्जी व्हरांड्यात बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, ताठ, गणिताच्या शिक्षिका होत्या म्हणे. मूळच्या धारवाडच्या, त्यामुळे कानडी वळणाचं मराठी बोलायच्या. मी पुट्टीचं नाव काढताच त्यांनी मला चष्म्यावरून आणि चष्म्यातून असं दोनदा पाहिलं.

"ऊट माडताळा?" त्यांचा पहिला प्रश्न. जेवते का ती?

मी म्हटलं, जेवते.

"आधी काय खाते?"

मी ओळखलं. ही माझीच जात. "आधी दह्याचं बोट मागते," मी म्हणालो. "मग भात. गाजर बाजूला काढून ठेवते. संपलं की भांडं नाकानं ढकलत भिंतीपर्यंत नेते. थोडं जरी उरलेलं असेल तर भांडं हलवत नाही." अज्जींचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

मग मी नंजप्पाची गोष्ट काढली, सगळे माझ्या जेवणावर पाळत ठेवतात म्हणून. त्या हसल्या. "अहो, इथं कसं काय असं विचारत नाहीत. ऊट आयता विचारतात. दुष्मनालाही विचारतात. सुनेनं सांगितलं नसंल, उष्टं न झालेलं ताट बघितलं असंल." असं माझं पहिलं प्रकरण निकालात निघालं. पण त्यांच्या पुढच्या वाक्याने दुसरं उभं राहिलं.

"तुमच्या सुनेला मी तीनदा परत पाठवलं. म्हटलं, घरात दिवसभर माणूस पाहिजे. आज हिकडं, उद्या तिकडं असं दोन महिन्याचं माणूस नको. हिला आता स्वल्पही सोसायचं नाही. तेव्हा ती म्हणाली, आमचे मामा आता कायमचे इथंच आहेत. म्हणून मी हो म्हटलं, आणि घर सोडलं तेव्हा दिली."

"हे ती कधी म्हणाली?"

"उगादीच्या आधी."

उगादी म्हणजे आपला पाडवा. मी मिरज सोडली वैशाखात. म्हणजे मी दाराचं कुलूप चौथ्यांदा ओढत होतो त्याच्या महिनाभर आधी माझं कायमचं इथं राहणं ठरून गेलं होतं, आणि ते एका अनोळखी बाईला कबूलही करून झालं होतं. रजई, स्वेटर, फोटो, सहा आणि पाचच्या मीटिंगा, सगळं एका ओळीत येऊन बसलं. माझा संशय खरा होता. खरं सांगतो, संशय खरा ठरल्यावर पूर्वी जो आनंद व्हायचा तो झाला नाही.

अज्जींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कायमचे ना तुम्ही?"

उभ्या आयुष्यात मी न तपासलेल्या तराजूवर शिक्का मारला नाही. त्या दिवशी मारला. "हो," म्हणालो. त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पुट्टीसाठी जपून ठेवलेला एक जुना गळपट्टा त्यांनी माझ्या हातात दिला.

घरी पोहोचेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. विद्या कणीक मळत होती. मी सरळ विचारलं. ती हात न थांबवता म्हणाली, "हो मामा. खोटं बोलले."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गाडीत बसला असता?" मग तिने परात बाजूला ठेवली. "आई गेल्यावर तुम्ही रोज फोनवर म्हणायचा, जेवलो. महाशिवरात्रीला आम्ही मिरजेला आलो तेव्हा मी पिठाचा डबा उघडला. आईंनी जाण्याआधी दळून आणलेलं पीठ तसंच होतं, काठोकाठ. पोरकिडे झाले होते त्यात. तांदळाचा डबाही तसाच. मी तुम्हाला काही म्हणाले नाही. झाकण लावून ठेवलं."

बत्तीस वर्षं मी लोकांचे डबे उघडून पाहिले. माझा डबा कुणी उघडेल हे ध्यानातच आलं नव्हतं. चहा-बिस्किटावर काढलेले ते महिने तिने एका झाकणात ओळखले. पकडला गेलो की मी चिडतो, हे तुम्हा कट्टेकऱ्यांना सांगायला नको. मी प्रसादला म्हटलं, "माझं मिरजेचं तिकीट काढ. जायचं. परत यायचं नाही." त्याने वाद घातला नाही, फोनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "परवाचं आहे." हा निमूटपणाही मला संशयास्पद वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग भरायला घेतली. पुट्टी येऊन बॅगेशेजारी बसली. दाराकडे तोंड करून नाही, बॅगेकडे. त्या निळ्या फाटकाकडे बघायची तशी. तिला सामान भरणं म्हणजे काय ते ठाऊक होतं, एकदा पाहिलेलं होतं तिने. मी स्वेटरची घडी हातात धरून उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिला कोण बघणार?"

प्रसाद दारात उभा होता. फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "बघतील शेजारी. तुम्ही जा निवांत."

मी पलंगावर बसलो.

मंडळी, ही गोष्ट मी तुम्हाला कट्ट्यावर कधी सांगितलेली नाही. माझी आई तासगावजवळच्या खेड्यात एकटी राहायची. तिच्याकडे एक कुत्रा होता, तांबू. वडील गेल्यावर तो तिच्या पायाशीच असायचा, विहिरीवर जाताना पुढे आणि येताना मागे. माझी नोकरी पक्की झाली, मिरजेला क्वार्टर मिळालं, मालू आली, तेव्हा मी तिला घेऊन आईला न्यायला गेलो. मोठ्या अभिमानाने गेलो होतो. जीपमध्ये तिचं गाठोडं टाकलं. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याला कोण बघायचं रं?" मी घड्याळात पाहत होतो. मी म्हणालो, "बघतील शेजारी. तू चल निवांत."

जीप निघाली. मी मागे वळून पाहिलं नाही. आईने पाहिलं.

क्वार्टरमध्ये ती दोन वर्षं होती. गॅलरीत बसायची. दर जेवणात भाकरीचा चतकोर बाजूला काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची. मी ओरडायचो, मुंग्या लागतात म्हणून. मालू काही न बोलता तो तुकडा खाली नेऊन रस्त्यावरच्या कुत्र्याला घालायची आणि वर येऊन आईला सांगायची, "खाल्लं हं." गावचं कुणी भेटायला आलं की आई एकच विचारायची, "तांबू जेवतो का?" लोक हो म्हणायचे. मी कुणालाच कधी खोदून विचारलं नाही. दाणा दाणा तपासणारा माणूस मी, पण तांबूचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. ज्यांना विचारावं ती माणसं आता राहिली नाहीत.

चाळीस वर्षं मला वाटत आलं, मी आईचं चांगलं केलं. पक्कं घर, नळाचं पाणी, दवाखाना जवळ. काटा अगदी मध्ये दिसत होता. त्या दुपारी पलंगावर बसल्या बसल्या पारडी बदलली गेली. आई होती त्या जागी मी आलो आणि माझ्या जागी माझा मुलगा फोनमध्ये बघत उभा होता, आणि माझा तराजू सपशेल खोटा निघाला. या पोरांनी मला फसवून आणलं खरं, पण माझ्या पायाशी एक जीव आणून बसवला. मी आईला न फसवता आणलं, आणि तिच्या पायाशी होता तो जीव सोडवून आणलं. मी रडलो. प्रसादने पहिल्यांदा फोन खिशात घातला आणि शेजारी येऊन बसला.

"हे वाक्य तू कुणाकडून ऐकलंस?" मी विचारलं.

"कुठलं वाक्य?" चेहरा अगदी सरळ. सरळ चेहरे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. माझी आई गेली तेव्हा प्रसादचा जन्मही झाला नव्हता. मी तर त्याला हे कधी सांगितलं नाही. ते वाक्य ऐकलेली आणखी एकच व्यक्ती, जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेली मालू. तिने कधीतरी त्याला सांगून ठेवलं असणार, तुझ्या बाबांना वेळ आली की एवढं म्हण. हा माझा संशय आहे. पुरावा नाही, आणि जिने साक्ष द्यायची ती भिंतीवर फोटोत हसते आहे.

"परतीचंही काढ," मी म्हणालो. "दहा दिवसांनी."

तर असा मी मिरजेला आलो होतो, तुम्ही सगळे भेटलात. पिठाचा डबा रिकामा करून उन्हात घातला. मालूच्या साड्या विद्यासाठी बांधल्या. कुलूप घासून पुसून किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली, खिडक्या उघडत जा म्हणून. या वेळी कुलूप एकदाच ओढणार असं ठरवलं होतं, दोनदा ओढलं. मिरजेला येण्याआधी टॅक्सी करून पुट्टीला देवनहळ्ळीला नेऊन आणलं होतं. आश्रमाच्या फाटकाबाहेर दगडी बाकावर अज्जी तासभर तिच्या कापलेल्या कानाशी बोलत बसल्या. निघताना मला म्हणाल्या, "दर महिन्याला आणायचं. तुम्ही कायमचे आहात." आता हे त्या मला विचारत नाहीत, सांगतात.

कट्ट्यावर तुम्ही मला विचारलंत, आता कायमचा घरी कधी येणार? मी घरी आलेलोच होतो, तुमच्या मधोमध बसलो होतो, तरी मला ते उत्तर देता येईना. मग ध्यानात आलं, आईने त्या दोन वर्षांत "मला घरी ने" असं एकदाही म्हटलं नव्हतं. ती फक्त तांबू जेवला का, एवढंच विचारायची. मला वाटायचं, म्हातारी कुत्र्याची चौकशी करते आहे. ती घराचीच चौकशी करत होती.

सात वाजले तसा मी कट्ट्यावरून उठलो. तुम्हाला वाटलं, मुलाला फोन लावायला गेला. तळ्याच्या कडेला जाऊन फोन लावला. प्रसादने उचलला. त्याची तब्येत, विद्याचं काम, काहीही न विचारता मी म्हणालो, "पुट्टी जेवली का?"

"जेवली बाबा, आत्ताच."

फार पटकन म्हणाला. मलाही पाच महिने रोज असंच पटकन म्हणता येत होतं.

"फोन तिच्या भांड्याजवळ धर," मी म्हणालो.

"बाबा, अहो..."

"धर म्हणतो ना."

त्याचे पाय वाजले, मग काहीच ऐकू येईना. तुम्ही सगळे कट्ट्यावरून माझ्याकडे बघत होतात. मी फोन तोंडाजवळ घेतला आणि जरा मोठ्याने विचारलं, "पुट्टी, ऊट आयता?"

मग फरशीवरून स्टीलचं भांडं घासत जाण्याचा आवाज आला, सावकाश, आणि ते भिंतीवर आपटलं.

मग मी फोन ठेवला.